मानमोडी, कोंबड्या आणि झिंकची गोळी

विषय वैद्यकीय दिसतो, म्हणून आधीच सांगून टाकतो: मी डॉक्टर नाही, इतिहास शिकवणारा माणूस आहे. तेव्हा जाताना माझ्याकडे कुणी औषध लिहून मागू नये. (हशा) पण औषधाच्या गोळीलाही इतिहास असतो, आणि तो आपल्या नंदुरबार जिल्ह्यातून बघितला तर जरा वेगळा दिसतो.

माझ्या घरी औषधांच्या डब्यात २०२० सालची झिंकची एक पट्टी अजून पडून आहे. दहापैकी चार गोळ्या संपल्या, सहा शिल्लक. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी अशी पट्टी असेल. त्या वर्षी आपण सगळे ती का घेत होतो? तर कुणीतरी सांगितलं होतं, झिंक घ्या, प्रतिकारशक्ती वाढते, करोना जवळ येत नाही. आता गंमत बघा. तेच झिंक धडगावच्या एखाद्या पाड्यावर आशाताई जुलाब लागलेल्या पोराच्या आईच्या हातात ठेवते. खनिज एकच. पण माझ्या डब्यातली गोळी आणि त्या पोराची गोळी या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, असं माझं म्हणणं आहे. ते पटवायला मला शंभर वर्षं मागे जावं लागेल, आणि सुरुवात एका शब्दापासून करावी लागेल.

तो शब्द म्हणजे मानमोडी. १९१८ साली इन्फ्लुएंझाची जी साथ आली तिला आपल्याकडच्या लोकांनी मानमोडीचा ताप म्हटलं. तेव्हा नंदुरबार हा जिल्हा नव्हता. तो १ जुलै १९९८ ला धुळ्यापासून वेगळा झाला. १९१८ मध्ये हा सगळा मुलूख पश्चिम खानदेशात होता. जूनमध्ये मुंबईत पहिली लाट आली, ती त्या मानानं सौम्य. दुसरी सप्टेंबरमध्ये उसळली आणि ऑक्टोबरमध्ये कळसाला पोचली. साथ रेल्वेच्या वाटेनं आत पसरली. मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसं गेली, देशभरात एक कोटीहून अधिक.

त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. धान्य महागलं होतं, चारा नव्हता. ज्या प्रांतांत दुष्काळ होता तिथं साथीनं जास्त माणसं नेली, असं नंतरच्या अभ्यासकांनी आकडे मांडून दाखवलं. म्हणजे उपाशी शरीर रोगाला लवकर बळी पडतं, हे आजीबाईचं शहाणपण खरं ठरलं. पण थांबा, दुसरी बाजूही आहे. जगभर त्या साथीत वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसंही मोठ्या संख्येनं मेली. पोटभर रेशन मिळणारे सैनिक मेले. म्हणजे उपासमार असेल तर धोका वाढतो, हे खरं. पण पोट भरलं की विषाणू दारातून परत जातो, हे खरं नाही. ही दोन वाक्यं आज आपल्याला शेवटपर्यंत लागणार आहेत. तेव्हा विषाणू हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता, हेही लक्षात घ्या. माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणू सापडला १९३३ साली.

आता पंच्याऐंशी-नव्वद वर्षं पुढे येऊ. मानमोडी हा शब्द माणसांच्या तोंडून गेला, पण कोंबड्यांच्या रोगाचं नाव म्हणून टिकला. राणीखेत नावाचा जो रोग आहे ना, त्याला मराठीत मानमोडीच म्हणतात. त्यात कोंबडीची मान खरोखरच पिळवटते. २००६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत नवापूरच्या पोल्ट्र्यांमध्ये कोंबड्या पटापट मरायला लागल्या, तेव्हा पहिला संशय राणीखेतचाच होता. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारीला जाहीर झालं की हा एच-५-एन-१, म्हणजे बर्ड फ्लू. भारतातला पहिलाच. सगळा देश नवापूर नकाशावर शोधायला लागला. ज्या स्टेशनचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत, एवढीच ज्याची ओळख सांगितली जायची, ते गाव एका रात्रीत जगभर पोचलं. शेजारच्या सुरत जिल्ह्यात उच्छलला आणि पुढच्या महिन्यात जळगाव जिल्ह्यातही रोग सापडला.

हा प्रसंग मी रोगासाठी सांगत नाहीये. कोंबड्यांच्या खाद्यासाठी सांगतोय. नवापूरला मुख्यतः अंड्यांच्या कोंबड्या, लेअर. त्यांचं खाद्य कसं असतं ते ज्यांनी पोल्ट्री केली त्यांना ठाऊक आहे. मका, सोयाबीनची पेंड, डायकॅल्शियम फॉस्फेट, शिंपल्यांचा चुरा किंवा संगमरवराची बारीक खडी, आणि वर मिनरल मिक्श्चर: झिंक, मँगेनीज, तांबं, लोह, आयोडीन, सेलेनियम. सगळं टनामागे इतके ग्रॅम असं मोजून. कारण यात कसूर झाली की अंड्याचं कवच पातळ होतं आणि मालकाचं नुकसान होतं. मला तर असं वाटतं की त्या वर्षी अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात खनिजांचा हिशेब सर्वांत काटेकोर कुणाचा ठेवला जात असेल, तर तो नवापूरच्या कोंबड्यांचा. त्याच वेळी पन्नास-साठ मैलांवर अक्राणीत लेकरांच्या ताटात काय पडतं याचा असा हिशेब कुणी ठेवत नव्हतं.

आणि तरी त्या कोंबड्या मेल्या. झिंक पुरेसं होतं, सेलेनियम पुरेसं होतं. एच-५-एन-१ नं विचारलं नाही. साथ थांबली ती कशानं? बाधित जागेभोवतालच्या कोंबड्या मारून, खड्ड्यात पुरून, वर चुना टाकून. वाहतूक बंद करून, अंडी नष्ट करून, माणसांवर लक्ष ठेवून. तापाच्या माणसांचे नमुने तपासले, त्यांत एकालाही बर्ड फ्लू निघाला नाही. लाखो पक्षी गेले, धंदा बसला, उभा राहायला वर्षं लागली. २०२१ च्या फेब्रुवारीत नवापूरवर पुन्हा तीच वेळ आली. कॅल्शियम मात्र दोन्ही वेळा हजर होतं, आधी खाद्यात आणि मग खड्ड्यात.

कुणी म्हणेल, कोंबडीवरून माणसाचं काय सांगता? बरोबर आहे. म्हणून माणसाकडे येऊ, आणि त्यासाठी जरा इराणला जाऊ.

बिहारमधल्या बक्सरचे आनंद प्रसाद नावाचे डॉक्टर अमेरिकेत शिकून १९५८ साली इराणमध्ये शिराझला गेले. तिथं त्यांच्यापुढे एक एकवीस वर्षांचा तरुण आला. दिसायला दहा वर्षांचा मुलगा. वाढ खुंटलेली, रक्त कमी, यकृत-प्लीहा सुजलेली. तो माती खायचा आणि जेवणात जवळजवळ फक्त भाकरी. पुढं इजिप्तमध्येही असे तरुण सापडले, आणि १९६१ ते ६३ च्या सुमारास प्रसादांनी दाखवलं की यांच्या शरीरात झिंक कमी आहे. त्याआधी माणसाला झिंकची तूट पडू शकते हेच वैद्यकशास्त्राला मान्य नव्हतं. झिंक दिल्यावर मुलं वाढायला लागली. पुढच्या संशोधनात कळलं की झिंक नसेल तर रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचं काम बिघडतं. ‘झिंकनं प्रतिकारशक्ती वाढते’ या वाक्याचं मूळ हे आहे. फक्त मूळ वाक्य असं होतं की झिंकची तूट असेल तर प्रतिकारशक्ती घटते आणि तूट भरली की ती जागेवर येते. जागेवर येते. जागेच्या वर जात नाही.

त्या इराणी तरुणाच्या भाकरीकडे जरा बघा. गहू, ज्वारी, मका यांच्या कोंड्यात फायटेट नावाचा पदार्थ असतो, तो झिंक आणि लोह धरून ठेवतो, आतड्यात शोषू देत नाही. धान्य भिजवलं, मोड आणले, आंबवलं तर फायटेट कमी होतं. सातपुड्यात ज्वारी-मक्याची भाकरी मुख्य, डाळ असली तर पातळ, दूध-अंडी-मटण क्वचित. आमच्या नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान आहेच. पण ती डाळ पिकवणाऱ्याच्या घरी किती शिजते, हा वेगळा विषय. जमिनीतही झिंक कमी असण्याचा प्रश्न देशभर आहे. २०१६ ते १८ मध्ये सरकारनं देशभर मुलांचं पोषण तपासलं. एक ते चार वर्षांच्या १९ टक्के मुलांमध्ये झिंक कमी निघालं, दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींत ३२ टक्के. हे देशाचे आकडे आहेत. ज्या जिल्ह्यात निम्म्याहून अधिक मुलं वयाच्या मानानं कमी वजनाची भरतात, तिथं काय असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

मग अशा मुलांना झिंक दिलं तर विषाणूच्या आजारात फरक पडतो का? इथं उत्तर ‘हो’ असं आहे, आणि ते भारतातच सापडलं. १९९५ साली दिल्लीतल्या एका अभ्यासाचा निकाल आला. सुनील सझावल, रॉबर्ट ब्लॅक, महाराज किशन भान आणि सहकारी. जुलाब लागलेली ९३७ मुलं, सहा ते पस्तीस महिन्यांची. निम्म्यांना झिंक, निम्म्यांना नाही. झिंक मिळालेल्यांमध्ये जुलाब लांबत जाण्याचा धोका २३ टक्क्यांनी कमी झाला. लहान मुलांच्या जोरदार जुलाबांचं एक मोठं कारण रोटाव्हायरस, तो १९७३ साली मेलबर्नमध्ये रूथ बिशप यांनी शोधला. झिंक त्या विषाणूला मारत नाही. ते फाटलेल्या आतड्याचं अस्तर लवकर भरून काढायला मदत करतं. अशा अनेक अभ्यासांनंतर २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी सांगितलं: जुलाबात ओआरएस द्या आणि सोबत रोज २० मिलिग्रॅम झिंक, सहा महिन्यांखालच्या बाळाला १०, असं दहा ते चौदा दिवस. आशाताईच्या पिशवीतली गोळी ती हीच.

ओआरएस म्हणजे तरी काय? मीठ, पोटॅशियम, साखर. साखर सोडली तर तीही खनिजंच की. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी पिंपात हे पाणी कालवून कॉलऱ्याच्या रोग्यांना पाजलं आणि त्यांच्या देखरेखीखालच्या रोग्यांमधला मृत्यूदर ३.६ टक्क्यांवर आला. तो कॉलरा, जंतू, रोटाव्हायरस नव्हे. पण शरीरातून वाहून गेलेलं मीठपाणी भरून काढायचं, हे गणित दोन्हीकडे सारखंच. मला कुणी विचारलं की विषाणूच्या आजारात सर्वांत जास्त लेकरं कुठल्या खनिजानं वाचवली, तर मी झिंकच्याही आधी मिठाचं नाव घेईन. त्याची जाहिरात कुणी करत नाही, कारण त्यात कुणाला फार पैसे सुटत नाहीत.

खनिजांच्या बाजूनं आणखी मोठा पुरावा द्यायचा तर चीनमधला सेलेनियमचा देता येईल. १९३५ साली चीनच्या ईशान्येला केशान नावाच्या भागात तरुण बायका आणि मुलं हृदय निकामी होऊन मरायला लागली. पुढं लक्षात आलं की तिथल्या मातीत आणि धान्यात सेलेनियम जवळजवळ नाही. सत्तरच्या दशकात सोडियम सेलेनाइटच्या गोळ्या दिल्या आणि रोग झपाट्यानं ओसरला. मग कॉक्सॅकी नावाच्या विषाणूवर संशय गेला. १९९५ मध्ये अमेरिकेत मेलिंडा बेक यांच्या गटानं सेलेनियम कमी असलेल्या उंदरांत हा विषाणू सोडला. एरवी निरुपद्रवी असलेला तो विषाणू त्या उंदरांच्या अंगात बदलला आणि हृदय पोखरू लागला. असा बदललेला विषाणू पुढं चांगल्या पोसलेल्या उंदरांनाही रोग देत होता. थोडं भीतीदायकच आहे हे. कुपोषण हा फक्त कुपोषिताचा प्रश्न नसतो, असा त्याचा एक अर्थ निघतो. पण इथंही बघा, कथा तुटीचीच आहे.

आता माझ्या डब्यातली पट्टी. २०१० साली हॉलंडमध्ये लायडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं होतं की काचेच्या भांड्यातल्या पेशींमध्ये झिंक आत ढकलणारं एक रसायन घालून भरपूर झिंक पोचवलं, तर सार्सच्या करोनाविषाणूची वाढ थांबते. काचेच्या भांड्यात. २०२० मध्ये हा निष्कर्ष व्हॉट्सअॅपवरून आपल्यापर्यंत आला तेव्हा भांडं गळून पडलं होतं. मग झिंक प्रत्येक प्रिस्क्रिप्शनवर आलं, सी व्हिटॅमिनसोबत. २०२१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमधल्या चाचणीचा निकाल आला: घरीच उपचार घेणारे २१४ रोगी, रोज ५० मिलिग्रॅम झिंक किंवा सी व्हिटॅमिन किंवा दोन्ही. काही फरक पडत नाही म्हणून चाचणी मध्येच थांबवली. त्या जूनमध्ये आपल्या केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयानं सौम्य रोग्यांच्या मार्गदर्शक सूचनांतून झिंक आणि मल्टिव्हिटॅमिन काढून टाकलं. साध्या सर्दीचं म्हणाल तर २०२४ च्या एका मोठ्या आढाव्यात असं दिसतं की झिंकमुळे सर्दी लागायची थांबत नाही. लागलेली कदाचित दोनेक दिवस लवकर बरी होते, आणि तो पुरावाही कच्चाच.

त्याच काळात नंदुरबारनं काय केलं, हे बाकीच्या राज्याला आठवत असेल. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड, स्वतः डॉक्टर, साक्री तालुक्यातल्या सामोड्याच्या भिल्ल घरातले. त्यांनी पहिल्या लाटेतच, २०२० च्या सप्टेंबरमध्ये, जिल्ह्यात ऑक्सिजनचा प्लँट उभा केला आणि मग आणखी. २०२१ च्या एप्रिलमध्ये मोठमोठ्या शहरांत ऑक्सिजनसाठी धावाधाव चालू असताना या आदिवासी जिल्ह्यात तो इथंच तयार होत होता. रुग्णालयात ज्याच्या छातीत हवा जात नव्हती त्याला ती हवा लागत होती. योगायोग बघा, त्याच सप्टेंबर २०२० मध्ये भारत आणि टांझानियातल्या ४,५०० मुलांवरच्या झिंकच्या चाचणीचा निकाल आला: २० मिलिग्रॅमऐवजी ५ किंवा १० दिलं तरी जुलाबावर तितकाच परिणाम होतो आणि उलट्या कमी होतात. तेव्हा सगळा देश जास्तीत जास्त झिंक गिळत होता, आणि ज्या मुलांसाठी ते खरंच औषध आहे त्यांना कमी पुरतं असं शास्त्र सांगत होतं. ही बातमी कुणी फॉरवर्ड केली नाही.

जास्त घेतल्यानं बिघडत काय, असं लोक म्हणतात. बिघडतं. महिनोन्‌महिने जास्त झिंक घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं. लोहाचं आणखी नाजूक. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टांझानियातल्या पेंबा बेटावर, जिथं मलेरिया फार होता, लहान मुलांना सरसकट लोह आणि फॉलिक अॅसिड दिलं, तेव्हा दवाखान्यात भरती होणारी आणि दगावणारी मुलं वाढली. आपल्याकडे सिकलसेल आहे. त्याच्या रोग्याला रक्त कमी दिसतं म्हणून दुकानातून आणून लोहाच्या गोळ्या चालू करणं धोक्याचं, ते डॉक्टरांनी तपासूनच ठरवायला हवं.

थोडं मागे जाऊन एका नावाकडे परत येतो: महाराज किशन भान. झिंकच्या १९९५ च्या अभ्यासातले. झिंकनं जुलाब लवकर थांबतात हे ज्यांनी दाखवलं, त्या माणसानं ‘चला, उपाय सापडला’ म्हणून हात झाडले नाहीत. दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बाळांत रोटाव्हायरसचा एक प्रकार सापडला होता, जो त्या बाळांना आजारी पाडत नव्हता. भान आणि त्यांचे सहकारी त्या विषाणूच्या मागे जवळजवळ तीस वर्षं लागले आणि त्यापासून भारतीय लस तयार झाली. तिची मोठी चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुण्याजवळच्या वढूत झाली. पहिल्या वर्षात रोटाव्हायरसच्या गंभीर जुलाबांपासून संरक्षण साधारण ५६ टक्के. शंभर नाही, ५६. २०१९ मध्ये रोटाव्हायरसची लस महाराष्ट्राच्या नेहमीच्या लसीकरणात आली. भान २६ जानेवारी २०२० ला गेले, भारतात करोनाचा पहिला रोगी सापडायच्या चार दिवस आधी. झिंक आणि लस, दोन्ही एकाच माणसाच्या टेबलावर होते आणि कुठलं कशासाठी याबद्दल त्याच्या मनात गोंधळ नव्हता. गोंधळ आपण घातला.

आता दोन प्रश्न आलेत, ते घेतो आणि थांबतो.

शहाद्याच्या एका शेतकरी बांधवांनी चिठ्ठी पाठवली आहे: ‘पपईवर व्हायरस आल्यावर मायक्रोन्यूट्रिअंटची फवारणी करतो, झाड सुधारतं. मग खनिजाचा उपयोग नाही कसं म्हणता?’ फार चांगला प्रश्न आहे, भाऊ. मला तुमच्याइतकं पपईतलं कळत नाही, पण कृषी विभागाची माणसं काय सांगतात ते सांगतो. झिंक कमी पडलं की पानं बारीक होतात, शिरांमधला भाग पिवळा पडतो. रिंगस्पॉट विषाणूनंही पानं पिवळी होतात, चुरगळतात. लांबून दोन्ही सारखंच दिसतं. ग्रेड-दोनची फवारणी करून जे झाड सुधारलं, त्याला बहुधा तुटीचा त्रास होता. ज्याच्या फळावर गोल वर्तुळं उमटली आणि देठावर तेलकट रेषा आल्या, ते फवारणीनं सुधारणार नाही. ते उपटून बांधाबाहेर न्यायचं, मावा आटोक्यात ठेवायचा आणि पपईशेजारी वेलवर्गीय पीक घ्यायचं नाही. मिरचीच्या चुरडा-मुरड्यातही हाच घोळ होतो. तुम्ही दोन्ही झाडांवर फवारता, एक सुधारतं, तेच लक्षात राहतं. माझ्या पट्टीचंही तेच झालं. चार गोळ्या घेतल्या आणि मला करोना झाला नाही. मी त्या वेळी घराबाहेरच पडत नव्हतो, हे मी विसरलो. (हशा)

दुसरा प्रश्न तळोद्याच्या अंगणवाडी सेविका ताईंचा आहे. त्या म्हणतात, ‘झिंकच्या गोळ्या चौदा दिवसांच्या देतो, पण तिसऱ्या दिवशी जुलाब थांबला की आई गोळी बंद करते. कशी समजवायची?’ ताई, मी जे पाऊण तास बोललो ते तुम्ही एका वाक्यात विचारलंत. जुलाब थांबला तरी पोराच्या अंगातली तूट भरलेली नसते, ती पुढचे दहा-अकरा दिवस भरायची असते. एका कार्यकर्तीनं मला तिची युक्ती सांगितली होती: ती गोळ्यांची पट्टी आईला देताना घरातल्या भिंतीवर कोळशानं चौदा रेघा ओढून येते, आणि रोज एक गोळी चमच्यात पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून पाजली की एक रेघ पुसायला सांगते. आठवड्यानं ती परत जाते तेव्हा भिंत बघते. कागदावरची नोंद खोटी असू शकते, भिंत सहसा खोटं बोलत नाही. आणि त्याच फेरीत लसीचं कार्डही मागून बघते.